हिवाळ्यात रीफ टँकचा पीएच घसरतो, पूड घातली तर अल्कलिनिटी चढते

निवळशंख (न्यू जर्सी)

माझ्या रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) खडक आणि वाळूची जागा वजा जाता २०० लिटर पाणी आहे. उन्हाळाभर पीएच ८.२ च्या आसपास होता. थंडीमुळे खिडक्या बंद झाल्यापासून तो सकाळी ७.८ वर येतो. पीएच वाढवण्याची तयार पूड मी दर दोन-तीन दिवसांनी घालतो. तेवढ्यापुरता आकडा चढतो आणि रात्रीतून पुन्हा उतरतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) मात्र ८ वरून १२ डीकेएचवर गेली आहे. हीटरवर नखाने खरवडावा लागेल असा पांढरा थर बसला असून अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाची टोके जळल्यासारखी दिसतात. कॅल्शियम ३८० आणि मॅग्नेशियम ११८० मिलिग्रॅम प्रतिलिटर, खारटपणा दर हजारी ३५. माझे नेमके काय चुकते आहे?

रसायनी

आपण पीएचच्या मागे लागला आहात, आणि पीएच येथे केवळ लक्षण आहे. बंद घरात माणसांच्या श्वासाने आणि गॅसच्या शेगडीने कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. पूड ही मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेट असल्यामुळे ती घरातली हवा बदलू शकत नाही, फक्त अल्कलिनिटी वाढवत राहते. खात्री करायची असल्यास टँकचे पेलाभर पाणी गॅलरीत ठेवून त्यात तासभर एअर पंपाने हवा सोडावी, पाणी पुन्हा टँकच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच पीएच मोजावा. तो चढला तर दोष घरातल्या हवेचा.

हीटरवरचा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपण घातलेली अल्कलिनिटी प्रवाळांच्या सांगाड्यात न जाता गरम पृष्ठभागावर जमली, आणि जाताना कॅल्शियमही घेऊन गेली. मॅग्नेशियम या स्फटिकांच्या वाढीला अडथळा करते. ते ११८० वर असल्याने तो अडथळाही दुबळा झाला. पूड आजच थांबवावी, अल्कलिनिटी आपोआप ८ पर्यंत उतरू द्यावी, आणि मॅग्नेशियम आठवडाभरात हळूहळू १३०० पर्यंत न्यावे.

त्यानंतर तीन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजावी. कॅल्शियमऐवजी अल्कलिनिटी अशासाठी, की सांगाडा बनताना १ डीकेएचमागे सुमारे ७ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढेच कॅल्शियम खर्ची पडते. रोजची अर्ध्या डीकेएचची घट चाचणीत सहज दिसते. साडेतीन मिलिग्रॅमची घट दिसत नाही.

खाडीकाठ (मुंबई)

भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे माझ्याकडे फक्त मासे आहेत, तरी एक गोष्ट सुचवतो. मी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचे उपकरण) साध्या पाण्याने शून्यावर आणून निश्चिंत होतो. ३५ च्या प्रमाण द्रावणाने तपासल्यावर तो तीनने चुकत असल्याचे कळले. खारटपणाच प्रत्यक्षात कमी असेल तर त्यासोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात खाली असते. (मराठीत ‘क्षारता’ हा शब्द खारटपणा आणि अल्कलिनिटी या दोन्हींसाठी वापरला जातो, येथे तो टाळलेलाच बरा.)

निवळशंख

गॅलरीतल्या पेल्यात पीएच ७.८ वरून ८.२ झाला. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी आता खिडकीबाहेर काढली आहे. रिफ्रॅक्टोमीटर बरोबर निघाला. अल्कलिनिटी ८.६ वर आल्यानंतर पुढच्या दोन दिवसांत ८.१ आणि ७.६ भरली. आता रोज काय घालावे? आणि चुना चालतो असे ऐकले, तो पानाचा चालेल का?

रसायनी

म्हणजे रोजचा खर्च अर्धा डीकेएच. १०० लिटरला १ डीकेएच वाढवण्यासाठी सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणून आपल्याला रोज ३ ग्रॅम पुरेल. मात्र कॅल्शियम वेगळे द्यावे लागेल, आणि दोन्ही द्रावणे एकाच जागी एकदम ओतू नयेत.

आपल्या घरासाठी मला चुन्याची निवळी अधिक योग्य वाटते. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हव्या त्याच प्रमाणात मिळतात, शिवाय ती कार्बन डायऑक्साइड शोषून पीएचही वर नेते. कॅल्शियम ३८० वरून ४२० वर आणण्याचे काम मात्र तिचे नाही. ते आधी कॅल्शियम क्लोराइडने करून घ्यावे. पानाच्या चुन्यात काय मिसळले आहे ते ठाऊक नसते, म्हणून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आणावे. आर.ओ.-डी.आय. (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात लिटरला दीड ग्रॅम ढवळून रात्रभर झाकून ठेवावे. वरच्या नितळ पाण्यापैकी सुमारे ९०० मिलिलिटर आपला दिवसाचा खर्च भागवेल, आणि बाष्पीभवनाने गेलेले पाणीही त्यातच भरून निघेल. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे घालावेत, ती पंपाच्या प्रवाहाजवळ रात्री थेंबथेंब सोडावी आणि तळाचा गाळ टँकमध्ये जाऊ देऊ नये.