नाव तीन पदरी, रकाना एकच

रामबागकर, इंदूर :
वडील गेल्यानंतर आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हावे म्हणून मी ज्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केला, त्याने तो पाच वेळा परत पाठवला आणि पाचही वेळा कारण एकच दिले : नाव जुळत नाही. आपल्या रीतीप्रमाणे आईचे नाव तीन पदरी आहे, म्हणजे स्वतःचे, पतीचे आणि आडनाव, आणि वडिलांच्या सेवापुस्तकात ते तसेच लिहिलेले आहे. आधार काढताना मात्र केंद्रावरच्या मुलाने इकडच्या हिंदी पद्धतीने पतीचे नाव खालच्या ओळीत टाकले, वर दोनच शब्द ठेवले आणि ‘काळे’चे ‘काले’ केले. (ळ हरवल्याची ही कहाणी इंदुरात घरोघरी आहे, कोणत्याही कुळकर्ण्यांना विचारावे.) दोन्ही कागद शेजारी ठेवले तर ही एकच बाई आहे हे कोणालाही अर्ध्या मिनिटात समजेल. यंत्राला ते समजत नाही, आणि ज्यांना समजते त्यांच्या हाती काही उरलेले नाही. कार्यालयातल्या बाईंनी सौजन्याने सगळे ऐकून घेतले आणि ‘सिस्टम नहीं ले रहा’ असे सांगून कागद परत दिले.

माझी तक्रार संगणकाबद्दल नाही. ‘ळ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते ‘ल’च्याच कळीवर बसते, फक्त शिफ्ट दाबावी लागते. चूक लिहिणाऱ्याने करायची आणि आपण आपणच आहोत हे मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने सिद्ध करायचे, या धोरणाबद्दल माझी तक्रार आहे.

लष्करवासी, ग्वाल्हेर :
आपला त्रास खरा आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. मी सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळण्यात उभी नोकरी काढली. आपण ज्या ‘समजणाऱ्या’ माणसाची आठवण काढता, तोच माणूस त्या अर्ध्या मिनिटाच्या ओळखीसाठी विधवेला सहा महिने हेलपाटे घालायला लावत असे, आणि साहेब दौऱ्यावर आहेत याचा अर्थ काय घ्यायचा हे सर्वांना ठाऊक होते. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत लागणारी म्हाताऱ्यांची रांग विसरलात का? 2014 मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आले, 2021 पासून चेहरा दाखवून फोनवरून दाखला देता येऊ लागला, आणि आता मी तो घरी खुर्चीत बसून देतो. शिवाय लग्नात मुलीचे नाव बदलून ते तांदळात लिहायचे, शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचेच ठेवायचे, हा घोळ कोणत्या संगणकाने घातला? एक माणूस, एक नाव, एकच लेखन, एवढी शिस्त आपणच पाळली असती तर निम्मे अर्ज परत आले नसते.

सुदामानगरची सून, इंदूर :
काका, तांदळात काय लिहायचे हे नवरीला कोणी विचारले नव्हते, त्यामुळे शिस्तीचा उपदेश निदान तिला तरी करू नये. दुसरे असे की आधारमधले नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येते. लग्नानंतर एकदा बदलले आणि त्यात झालेली चूक सुधारण्यात दुसरी संधी गेली, की पुढच्या चुकीचे काय करायचे? सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात चार विरुद्ध एक अशा मताने आधार वैध ठरवले, पण प्रमाणीकरण फसले म्हणून कोणी हक्काच्या लाभापासून वंचित राहू नये, ही चिंताही त्याच निकालात आहे. ती खिडकीपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

खिडकीपलीकडचा, इंदूर :
मी अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. ओटीपी नातवाच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो, सर्व्हर दुपारी झोपतो आणि शिव्या मला बसतात. दुरुस्तीचा अधिकार मला काडीचाही नाही. अर्ज परत आला तरी भरण्याचे पैसे मी परत देत नाही, कारण माझा वेळ गेलेला असतो. पाचव्यांदा तेच पैसे घेताना मात्र समोर बघवत नाही.

लष्करवासी, ग्वाल्हेर :
सूनबाईंचा तांदळाचा मुद्दा मान्य. तरीही उपाय नाही असे म्हणू नका. लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वप्रथम आपल्याच मध्य प्रदेशाने 2010 मध्ये केला, आणि त्यात दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5000 रुपये दंड आहे. अपील करा.

रामबागकर, इंदूर :
कायदा चांगला आहे, पण दिरंगाईचे दिवस अर्ज स्वीकारल्यापासून मोजायचे असतात, आणि माझा अर्ज पाचही वेळा पोच निघण्याआधीच परत आला. कोणत्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर तो गेलेलाच नाही, मग अपील कोणाच्या निर्णयाविरुद्ध करू? हेलपाटे घालायला लावणाऱ्या तुमच्या त्या साहेबांचे निदान दारावर नाव तरी होते आणि नकारावर त्यांची सही होती. त्या काळाचे गोडवे मी गात नाही. मला नकारावर सही हवी आहे, एवढेच. सोमवारी सेवापुस्तकाची प्रत, आधारची प्रत आणि आईचे शपथपत्र जोडून साध्या कागदावर अर्ज घेऊन जाणार आहे. घेतात की नाही ते इथे लिहीन.

लष्करवासी, ग्वाल्हेर :
जा, पण नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. शिक्का पुष्कळदा तारखेशिवाय मारतात. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही उभ्याउभ्याच लिहून घ्या. आम्ही तो क्रमांक टाळायला बघत असू.