मदत हवी आहे : सांडपाण्यासाठी जांभ्याचा चुरा की झिओलाइट?

नमस्कार मंडळी. घर गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मोरीचं आणि न्हाणीघराचं पाणी माडांच्या आळ्यात सोडतो (संडासाचं वेगळ्या टाकीत जातं). पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यापासून पाणी वाढलंय. आळ्यात साबणाचा थर बसतो, वास येतो. विहीर उताराला, त्यामुळे आईची रोज कटकट. तिचं बरोबरच आहे म्हणा.

आधी तेल-चरबी अडवणारी छोटी टाकी, मग खडी-वाळू, शेवटी एखादं खनिज माध्यम, असा बेत आहे. जांभ्यातली लोहाची ऑक्साइडं फॉस्फेट धरून ठेवतात, आणि चिरेखाणीवर चुरा हवा तेवढा मिळतो. झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) सांडपाण्यातलं अमोनियम पकडतं. पण उन्हाळ्यात आमचं पाणी मचूळ होतं, आणि त्यातलं सोडियम अमोनियमची जागा अडवतं ना? मग ते महागडं पोतं घ्यावं का?

जांभ्याचा चुरा कोणी वापरलाय का? किती जाड चाळायचा? मला भीती हीच, की बारीक राहिला तर चिखल होऊन पाणी तुंबेल. थर किती वर्षं टिकतो? आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी टाकीत शिरू नये म्हणून काय केलंत?

विकणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांनी सांगितलं तर बरं.