मदत हवी आहे: पहिलंच हरिकेन, थांबू का निघू? (टॅम्पा बे)

नवा_फ्लोरिडाकर: नमस्कार, उन्हाळ्यात ओहायोहून सेंट पीटर्सबर्गला आलोय, हे सगळं पहिल्यांदाच. टीव्हीवर वादळाच्या अंदाजाचा तो शंकूसारखा कोन (cone) दाखवतात त्याच्या अगदी कडेला आम्ही येतोय म्हणजे फार धोका नाही ना? निम्मे शेजारी निघून गेलेत, निम्मे म्हणतात काही होत नाही. दुकानातलं पाणी संपलंय. खिडक्यांसाठी प्लायवूड कुठे मिळेल? लवकर सांगा प्लीज, परवा रात्री येतंय.

सागर_ह्यूस्टन: प्लायवूड राहू दे. इव्हॅक्युएशन झोन (समुद्राच्या पाण्यामुळे घर सोडायला सांगतात तो भाग) कुठला? मजला कितवा? घर स्वतःचं का भाड्याचं? घरात कोण कोण आहे? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

मीनल_ऑर्लँडो: कोनाच्या भरवशावर राहू नका हो! तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज असतो, वादळ केवढं पसरलंय ते त्यात दिसतच नाही, आणि केंद्रसुद्धा साधारण तीनात एकदा कोनाबाहेर जातं. 2024 मध्ये हेलीन हरिकेनचं केंद्र टॅम्पापासून शंभरेक मैल लांब समुद्रातून गेलं तरी माझ्या बहिणीकडे खाडीचं पाणी सोफ्यापर्यंत चढलं. आणि दोनच आठवड्यांनी मिल्टन हरिकेन टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा कीला धडकलं तेव्हा टॅम्पा बेमधलं पाणी उलट समुद्राकडे ओढलं गेलं, कारण केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. थोडं इकडेतिकडे सरकलं की सगळं चित्र बदलतं.

अनुभवी_काका: एवढं घाबरायचं कारण नाही. आम्ही इतकी वर्षं फ्लोरिडात आहोत, एकदाही घर सोडलं नाही. खिडक्यांना आडवीतिडवी टेप लावा, बाथटब भरून ठेवा, झालं.

सागर_ह्यूस्टन: काका टेपचं नका सांगू. टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे मोठे तुकडे उडतात. टब भरायचं बरोबर आहे पण ते पाणी फ्लशला, प्यायचं वेगळं, माणशी रोज एक गॅलन.

अनुभवी_काका: आमची एकही काच फुटलेली नाही.

रोहित_पी: फ्लड इन्शुरन्स आहे का? भाडेकरूंच्या रेंटर्स इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी कव्हर होत नाही, वेगळी पॉलिसी लागते.

मीनल_ऑर्लँडो: त्याला साधारण 30 दिवसांचा वेटिंग पिरियड असतो रोहित, परवाच्या वादळाला काय उपयोग?

कोकणकन्या: वाचून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आठवलं. श्रीवर्धनला मामाच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या झाल्या, पत्रे उडून शेतात. काळजी घ्या सगळे.

नवा_फ्लोरिडाकर: झोन ए निघाला, म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करायचा, काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून बघितला. अपार्टमेंट भाड्याचं, तळमजला. बायको, मी आणि आई, आई इंडियाहून आलीये, तिला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. गाडी इलेक्ट्रिक.

सागर_ह्यूस्टन: अरे हे आधी सांगायचं ना!! झोन ए आणि तळमजला म्हणजे विचार करायचाच नाही, निघा. वाऱ्यापासून घरात लपता येतं, समुद्राच्या पाण्यापासून नाही. 2022 च्या इयन हरिकेनच्या वेळी फोर्ट मायर्स बीचला दहा फुटांच्या वर पाणी चढलं होतं.

विवेक_अटलांटा: सरळ जॉर्जियात या, एकदम सेफ.

सागर_ह्यूस्टन: एवढं लांब कशाला? 2005 मध्ये रिटा हरिकेनच्या वेळी अख्खं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर आलं, उन्हात तासन् तास गाड्या अडकल्या, पळताना दगावलेले लोक वादळात गेलेल्यांपेक्षा जास्त होते. आणि हेलीनने तर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या ॲशव्हिलची काय दशा केली बघितलंत ना. झोनच्या बाहेर, उंचावर, पक्क्या इमारतीत, वीसतीस मैलसुद्धा पुरतात.

मीनल_ऑर्लँडो: आज रात्रीच गाडी फुल चार्ज करा, उद्या चार्जरला रांगा लागतील. आणि ती गाडी मागे अजिबात ठेवू नका, खारं पाणी बॅटरीत गेलं की नंतर आग लागू शकते, इयननंतर लागल्या होत्या. इन्सुलिन कूलरमध्ये ठेवा पण बर्फाला चिकटवून नाही, गोठलं की वाया. बहुतेक इन्सुलिन 86 फॅरनहाइटच्या खाली 28 दिवस फ्रिजबाहेर टिकतं, तरी फार्मसीला विचारून घ्या. आईंचा पासपोर्ट, प्रिस्क्रिप्शन जाड झिपलॉकमध्ये. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, मेसेज केलाय, संकोच करू नका.

नवा_फ्लोरिडाकर: मीनलताई मेसेज बघितला, खूप आभार. पहाटे निघतोय. आई म्हणतेय देव्हारा सोडून कशी येऊ, तो पण सोबत घेतोय. निघताना मेन स्विच बंद करायचा का?

सागर_ह्यूस्टन: हो, फ्रिज रिकामा करून मेन ब्रेकर बंद. आणि वाटेत रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नको, फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ढकलून नेतं.

रोहित_पी: प्लायवूड अजून हवं असेल तर पाच अष्टमांश इंच जाडीचं घ्या, पातळ उपयोगाचं नाही.