जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजाने त्याच्यातला नट गिळला का?

तिसरीघंटा
परवा आमच्या नाटकवेड्यांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला, टक्कल केलेला तगडा काळा बॉक्सर, आणि म्हटलं ओळखा. सतरा जणांत एकालाही जमलं नाही. मग 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या डार्थ व्हेडर या मुखवटेवाल्या खलनायकाचं एक वाक्य ऐकवलं तर मिनिटभरात सहा उत्तरं. दोन्हीकडे माणूस एकच, जेम्स अर्ल जोन्स, सप्टेंबर २०२४ मध्ये ९३व्या वर्षी गेला तो.

कोणाला राग आला तर येऊ दे, पण मला वाटतं त्या आवाजाने त्याच्यातला नट गिळला. फोटो 'द ग्रेट व्हाइट होप'मधला होता. जॅक जॉन्सन, पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन, त्याच्यावर बेतलेलं नाटक, १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, १९६९ मध्ये जोन्सला टोनी (तिकडचं नाटकांचं मोठं बक्षीस) मिळालं, १९७० मध्ये सिनेमा झाला आणि त्यासाठी ऑस्कर नॉमिनेशन. प्रमुख भूमिकेसाठी नॉमिनेशन मिळालेला सिडनी पॉइटियेनंतरचा हा दुसराच काळा नट. एवढं सगळं झाल्यावर १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'साठी हा माणूस काही तास माईकसमोर उभा राहतो, सात हजार डॉलर घेतो, आणि पुढे मरेपर्यंत जग त्याला त्या काही तासांवरून ओळखतं. पहिल्या दोन भागांत तर त्याने स्वतःच नाव लावू दिलं नाही, म्हणाला मी नुसता स्पेशल इफेक्ट आहे. त्याला स्वतःलाच ते काम अभिनय वाटत नव्हतं मग आपण कशाला वाटून घ्यायचं?

माईकसमोर
मी सोळा वर्षं अंधेरीत डबिंग करते, त्यामुळे हे वाचून चहा थंड झाला माझा. "नुसता माईकसमोर उभा राहतो" म्हणजे काय हो?

व्हेडरला चेहरा नाही. मुखवटा हलत नाही, डोळे दिसत नाहीत. सूटच्या आत होता डेव्हिड प्राउज, इंग्लंडचा वेटलिफ्टर, त्याचे स्वतःचे उच्चार ब्रिस्टलकडचे गावरान, ते ठेवले असते तर लोक हसले असते. आता अशा पुतळ्यात जीव कुठून आणायचा, तर फक्त आवाजातून, आणि त्यातही जोन्सला चढउतार करायचे नव्हते. त्याने स्वतःच सांगितलंय की व्हेडरचा आवाज अगदी अरुंद पट्ट्यात ठेवावा लागायचा, भावना दाखवली की तो माणूस वाटायला लागतो. करून बघा कधी. ओरडून राग दाखवायला कोणालाही येतं हो, एका सुरात बोलून समोरच्याचा घसा आवळायचा म्हणजे तालीम लागते. नाव न लावणं हा त्याचा विनय होता, तो अभिनय नव्हता याचा पुरावा नका करू.

सॅनहोजेकर
धागाकर्ते, प्रश्नच उलटा विचारताय. आवाजाने नट गिळला म्हणता, पण हॉलिवूडने त्याच्या ताटात वाढलं काय होतं ते आधी बघा. ऑस्कर नॉमिनेशन मिळालेल्या गोऱ्या नटाला पुढच्या पाच वर्षांत जे मिळतं ते याला मिळालं का? १९७४ च्या 'क्लॉडिन'मध्ये कचऱ्याच्या गाडीवरचा कामगार, चांगलं काम आहे, जरूर बघा, पण अशा भूमिका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच. बाप रॉबर्ट अर्ल जोन्स, तोही नट, त्याला तर मॅकार्थीच्या काळात, म्हणजे कम्युनिस्टांच्या संशयावरून कलाकारांची कामं बंद करायचे तेव्हा, काळ्या यादीत टाकलेलं. पोराला हे सगळं घरातूनच माहीत (म्हणजे घरातून नाही, बाप याच्या जन्माच्या सुमारासच निघून गेला होता, आजीआजोबांनी वाढवलं, पण मुद्दा कळला असेल). मग फोन कंपनीच्या जाहिराती, सीएनएन वृत्तवाहिनीची आवाजातली ओळख, हे सगळं केलं तर काय बिघडलं? त्या पैशावरच तर माणूस पुन्हा पुन्हा स्टेजवर जाऊ शकला ना.

तिसरीघंटा
@सॅनहोजेकर ताटाचा मुद्दा मान्य. पण मग माझंच म्हणणं पक्कं होतंय की, चेहरा नको होता म्हणून आवाज घेतला.

सॅनहोजेकर
तसं असेल तर गिळणारा आवाज नाही ना, तोंड दुसऱ्याचं होतं.

फावल्यावेळी
मला यातलं नाटक वगैरे काही कळत नाही, पण माझ्या मुलीला विचाराल तर मुफासा (जोन्सने इंग्रजीत आवाज दिलेला तो सिंह) म्हणजे शाहरुख 😄 २०१९चा हिंदी 'लायन किंग' बघितलाय तिने. म्हणजे आमच्या घरात जोन्सचा आवाजसुद्धा नाही, फक्त सिंह उरला.

विंगेतला
मूळ धाग्यात एक गोष्ट राहून गेली आणि तिच्याशिवाय हा वाद लंगडा आहे. हा माणूस लहानपणी जवळजवळ आठ वर्षं बोलतच नव्हता. मिसिसिपीतून आजीआजोबांबरोबर मिशिगनला आला, चारपाच वर्षांचा असेल, तोतरेपणा इतका की शाळेत तोंडच उघडायचा नाही. मग हायस्कूलच्या मास्तरांना कळलं की पोरगा कविता लिहितो. त्याने ग्रेपफ्रूटवर, म्हणजे त्या मोठ्या आंबटगोड मोसंबीवर, कविता केली होती. मास्तर म्हणाले ही तुझी वाटत नाही, उचललेली दिसते, तुझी असेल तर वर्गापुढे तोंडपाठ म्हणून दाखव. आणि तो न अडखळता म्हणून गेला.

आता याला कोणी आवाजाची देणगी म्हणतं तेव्हा मला हसू येतं. देणगी कसली, कमावलेला आवाज तो. तोतरेपणा आयुष्यभर गेला नाही असं तोच सांगायचा, शब्द निवडून बोलावं लागतं म्हणायचा. त्याच्या मुलाखती बघा, शब्दाच्या आधी एक बारीकशी थांबण्याची जागा असते, आपल्याला वाटतं काय वजन आहे राव, आणि तो बिचारा पुढचा शब्द अडकणार तर नाही ना हे बघत असणार. (हे शेवटचं माझं अनुमान.) त्यामुळे आवाज एकीकडे आणि नट दुसरीकडे अशी फाळणी मला तरी करता येत नाही.

तिसरीघंटा
@विंगेतला सुंदर लिहिलंत, पण मुद्द्याला बगल दिलीत. मी आवाज वाईट म्हटलाच नाही, मी म्हणतोय की बाकीचं झाकलं गेलं. 'फेन्सेस' घ्या. १९८७, ब्रॉडवे, ऑगस्ट विल्सनचं नाटक, दुसरं टोनी. पिट्सबर्गचा कचरा उचलणारा ट्रॉय मॅक्सन, तरुणपणी बेसबॉल खेळायचा पण तेव्हा काळ्यांना मोठ्या लीगमध्ये घेत नसत. एक सीन आहे, मुलगा विचारतो की मी तुम्हाला कधी आवडलोच नाही का. बाप भडकत नाही नुसता, उलटतपासणी घेतो, रोज जेवतोस ना, डोक्यावर छप्पर आहे ना, अंगावर कपडे आहेत ना, आणि प्रत्येक वेळी मुलाकडून 'हो सर' वदवून घेतो. मग सांगतो की तू आवडायलाच पाहिजेस असा कुठला कायदा आहे, तू माझा मुलगा आहेस म्हणून करतो, कर्तव्य आहे. त्या वर्षीच्या टोनी सोहळ्यात हाच तुकडा करून दाखवला होता, समोर कोर्टनी बी. व्हान्स. त्यात जोन्सच्या खांद्यांकडे बघा. आज 'फेन्सेस' म्हटलं की लोकांना डेन्झेल वॉशिंग्टन आठवतो, २०१६च्या सिनेमामुळे. दुःख याचंच आहे.

विंगेतला
अहो मग हे दुःख नाटकाचं आहे, जोन्सचं एकट्याचं नाही! त्याच २०१६ मध्ये आपल्याकडे नानाचा 'नटसम्राट' आला, आज पंचविशीतल्या पोरांना बेलवलकर म्हणजे नाना. १९७० मध्ये डॉक्टर लागूंनी काय करून ठेवलं ते त्यांना कोण सांगणार? लागूंना कुठल्या आवाजाने गिळलं मग?

माईकसमोर
+१

एक दुसरी गोष्ट बोलू का, मला जास्त टोचणारी. जायच्या आधी त्याने व्हेडरच्या आवाजाचे हक्क देऊन टाकले. २०२२च्या 'ओबी-वान केनोबी' या 'स्टार वॉर्स'च्याच मालिकेत कीव्हच्या एका कंपनीने जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयने तो आवाज बनवला, त्याच्या संमतीने. मग २०२५ मध्ये 'फोर्टनाइट' गेममध्ये व्हेडर थेट खेळणाऱ्यांशी गप्पा मारायला लागला, पोरांनी त्याच्याकडून शिव्या वदवून घेतल्या, कंपनीला घाईघाईने दुरुस्ती करावी लागली, आणि कलाकारांच्या युनियनने तक्रार केली ती वेगळीच. घरच्यांची परवानगी होती, मान्य. पण मी वर म्हटलं ना, अरुंद पट्टा, तो कुठे ठेवायचा हे कोण ठरवत होतं? तो. आता कोण ठरवतंय? तिसरीघंटा, तुम्हाला गिळणं बघायचं असेल तर ते इथे बघा.

फावल्यावेळी
पण त्याने स्वतः सही केली ना? ९१ वर्षांचा माणूस, शहाणा, आयुष्यभर काँट्रॅक्ट वाचलेला. नातवंडांच्या पिढीला व्हेडर तसाच ऐकू यावा असं वाटलं असेल. आपण कोण त्याला शिकवणारे.

माईकसमोर
त्याने सही केली हा त्याचा हक्क. त्या सहीचं उदाहरण दाखवून उद्या मला कोणी कागद पुढे सरकवला तर? आणि सरकवलाय, गेल्याच वर्षी, एका प्रोजेक्टच्या वेळी, पान सातवर बारीक अक्षरात. मी जोन्स नाही, मला नाही म्हटल्यावर पुढचं काम मिळेल याची खात्री नसते.

सॅनहोजेकर
सही केलीत का?

माईकसमोर
नाही. काम गेलं.

तिसरीघंटा
यावर काय बोलणार. सॉरी, मूळ धाग्यात मी माईकच्या कामाला "काही तास" म्हणून उडवून लावलं ते मागे घेतो. बाकीचा मुद्दा सोडत नाही मात्र 🙂 १९५८ मध्ये ब्रॉडवेवर पहिली भूमिका केली ती घरगड्याची, कॉर्ट थिएटरमध्ये, आणि २०२२ मध्ये त्याच थिएटरला त्याचं नाव दिलं. हे किती व्हेडरभक्तांना माहीत आहे?

विंगेतला
बरं, ज्यांना चेहरा बघायचाय त्यांनी शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा १९७३चा प्रयोग शोधा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उघड्यावर केलेला, रेकॉर्डिंग झालंय, एडमंडच्या भूमिकेत राउल जुलिया आहे. जोन्स तेव्हा जेमतेम बेचाळीसचा, ऐंशीच्या म्हाताऱ्याचं काम करतोय.

तिसरीघंटा
हा मला माहीत नव्हता! आज रात्रीच बघतो. आणि ग्रुपवर तुकडा टाकणार, पण आवाज म्यूट करून. बघू चेहऱ्यावरून कोण ओळखतंय.

माईकसमोर
म्यूट करून?? अहो लिअर आहे तो!