रोजच्या फोटोंसाठी स्वस्तातला कॉम्पॅक्ट कॅमेरा: चार दिवस वापरून पाहिला, तरी निर्णय होत नाही

सावली:
नमस्कार मंडळी. घरातले आणि येताजाता दिसणारे साधे फोटो काढण्यासाठी खिशात मावेल असा परवडणारा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असे बरेच दिवस मनात आहे. मोबाइल आहेच; पण तो मुलीच्या हाती द्यायचा नाही, आणि फोटोसाठी म्हणून उचललेल्या मोबाइलवर भलतेच वाचत बसण्याची माझी स्वतःची सवयही मोडायची आहे. एका परिचितांचा जुना कॅमेरा चार दिवसांसाठी मागून आणला आणि २१२ फोटो काढले. कॅमेरा २० मेगापिक्सेलचा, १/२.३ इंची सेन्सरचा, ८ पट ऑप्टिकल झूमचा असून लेन्सवर एफ/३.३ ते एफ/६.३ असे आकडे आहेत.

सकाळी खिडकीपाशी भरतकाम करत बसलेल्या आईचा फोटो इतका सुरेख आला, की सुईत ओवलेला दोराही स्पष्ट दिसतो. त्याच खोलीत संध्याकाळी दिवा लावून, खुर्चीत बसल्या बसल्या, मुलीचे दोरीवरच्या उड्यांचे ११ फोटो काढले, तर दहांत तिच्या हातांचे नुसते फराटे उमटले आणि अकराव्यात ती निम्मी चौकटीबाहेर गेली. माहितीच्या पडद्यावर १/१५ सेकंद आणि आयएसओ ८०० दिसते. यात दोष कॅमेऱ्याचा की माझा? आणि असा कॅमेरा पारखताना नेमके काय पाहावे?

जुना_फिल्मवाला:
दोष थोडा कॅमेऱ्याचा आणि थोडा खुर्चीचा आहे. आधी कॅमेऱ्याचे सांगतो. १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर (म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा) प्रत्यक्षात सुमारे ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या चौपट मोठा. (तोही कुठल्याच बाजूने इंचभर नसतो, हे नामकरण जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या व्यासावरून चालत आले आहे, आणि त्याने आजवर भल्याभल्यांना चकवले आहे.) खिडकीतला उजेड भरपूर असल्याने लहान सेन्सरचे सकाळी निभावले. संध्याकाळी उजेड कमी पडला, तेव्हा कॅमेऱ्याने शटर जास्त वेळ उघडे ठेवले आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, चढवून फोटोतले दाणेही पत्करले.

मेगापिक्सेलकडे मात्र पाहूही नका. ४ गुणिले ६ इंचांच्या छापील फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० गुणिले १२०० एवढेच पिक्सेल लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलहून थोडे अधिक. वीसातले उरलेले अठरा रोजच्या फोटोंत बहुतेक वेळा कार्डावरची जागाच अडवतात.

आता खुर्चीचे. आपण बसून होतात, म्हणजे मुलीला जवळ आणण्यासाठी झूम केला असणार. एफ आकडा लेन्सचे तोंड किती उघडते ते सांगतो; आकडा लहान तितका प्रकाश जास्त. एफ/३.३ हा आकडा झूम न करता मिळतो आणि एफ/६.३ पूर्ण झूम केल्यावर. या दोहोंत प्रकाशाचा फरक साडेतीन पटींहून जास्त आहे. झूम मागे घेऊन चार पावले पुढे गेला असतात, तर त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली शटर १/५० सेकंदाच्या आसपास आले असते. उड्यांना तेही अपुरेच आहे, पण फराटे निश्चित आखूड झाले असते. म्हणून कॅमेरा पारखताना झूमच्या पटींवर भाळू नका. दोन्ही टोकांचे एफ आकडे पाहा आणि कमी उजेडातला फोटो काढून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

काचेपलीकडे:
वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट राहिली: फ्लॅश. या छोट्या कॅमेऱ्यांत झेनॉन फ्लॅश असतो आणि त्याची ठिणगी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी टिकते. उडी हवेत गोठवायची तर शटरपेक्षा हीच कामाची. मोबाइलचा दिवा तेवढा प्रखर नसतो आणि तेवढा क्षणिकही नसतो, त्यामुळे इथे साधा कॅमेरा सरस ठरतो. मात्र झूम न करता दोन-अडीच मीटरच्या आत राहा, कारण या फ्लॅशचा आवाका तेवढाच, आणि पुन्हा भरायला त्याला काही सेकंद लागतात हे गृहीत धरा.

दोन सवयी लावून घ्या. बटण आधी अर्धे दाबून मुलगी जिथे उडी मारते तिथे फोकस धरून ठेवा आणि ती वर गेली की पूर्ण दाबा. स्वयंचलित फोकसला लागणारा वेळ आधीच उरकला, की बटण दाबणे आणि फोटो निघणे यांतले अंतर बरेच घटते. दुसरे म्हणजे डोळे लाल होऊ नयेत म्हणून असलेली सोय बंद करा. तीत खऱ्या फ्लॅशआधी एक दिवा चमकतो, आणि तेवढ्यात मुलगी खाली येते. आपली मुलगी चौकटीबाहेर गेली ती बहुधा अशाच कुठल्यातरी उशिरामुळे.

दुसरी_बाजू:
थोडा विरोधी सूर लावतो. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमधला मुख्य सेन्सर १/२.३ इंचीहून मोठा असतो आणि अंधारात मोबाइल अनेक फोटो एकावर एक रचून एक फोटो बनवतो. त्यामुळे स्थिर वस्तूंच्या रात्रीच्या फोटोंत स्वस्त कॉम्पॅक्टने मोबाइलवर मात करावी ही अपेक्षा ठेवू नये. मुलीच्या हाती देण्यासाठी आणि स्वतःची सवय मोडण्यासाठी कॅमेरा घेणे मला पटते; फोटो अधिक चांगले येतील म्हणून घेणे तितकेसे पटत नाही.

तरी घेणारच असाल, तर ‘४८ मेगापिक्सेल’ आणि ‘१६ पट डिजिटल झूम’ असे मिरवणाऱ्या, चालू केल्यावर लेन्स बाहेर न येणाऱ्या अगदी स्वस्त कॅमेऱ्यांपासून लांब राहा. त्यांत सेन्सर छोटाच असतो आणि पिक्सेल गणिताने फुगवलेले असतात. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणे, दुसरे काही नाही.

वापरलेला घेत असाल तर कार्ड आधी पाहा. काही जुने कॅमेरे एक्सडी कार्डावर चालतात आणि ती कार्डे आता बनत नाहीत. एसडीएचसी या जुन्या प्रकारच्या एसडी कार्डापर्यंतच चालणाऱ्या कॅमेऱ्याला ३२ जीबीहून मोठे कार्ड घालू नये. लेन्स आत-बाहेर होताना करकर ऐकू आली तर आत वाळू गेली असे समजा. शेवटी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, एकदा झूम न करता आणि एकदा पूर्ण झूम करून, असे दोन फोटो काढा आणि त्यांत धुळीचे ठिपके दिसतात का ते पाहा. लेन्स निघत नसल्यामुळे आत शिरलेली धूळ कॅमेरा उघडल्याखेरीज साफ होत नाही.

सावली:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुन्या फोटोंची माहिती तपासली. अकराही फोटो पूर्ण झूमचेच निघाले, म्हणजे खुर्चीवरचा आरोप सिद्ध झाला. काल संध्याकाळी उभी राहून, झूम मागे घेऊन, फ्लॅश लावून आणि लाल डोळ्यांची सोय बंद करून नऊ फोटो काढले. त्यांतल्या सहांत मुलगी हवेत आहे, आणि एकात दोरी तिच्या पावलांखाली अशी थांबली आहे, की दोरीचा पीळही मोजता यावा. मागची भिंत काळोखात गेली आहे, पण त्याचे मला काही वाटत नाही.

परिचित हाच कॅमेरा विकायलाही तयार होते. मात्र कागदाची परीक्षा केली, तर पूर्ण झूमच्या फोटोत डाव्या कोपऱ्याशी एक करडा ठिपका स्पष्ट दिसला, आणि तो आईच्या खांद्यावरही आहे हे मग लक्षात आले. त्यामुळे हा परत करते आहे. दुसरा पाहायला जाताना कोरा कागद पर्समध्ये असेल.