केबलवरच्या बातम्या सोडून मोठ्या चॅनलवर जावं का?

पाचपाखाडीकर
माझी भाची ठाण्यातल्या एका केबल चॅनलवर सहा वर्षं बातम्या देते. 'वाचते' म्हणत नाही, कारण सकाळी कोपरीत पाण्यावरून बायकांचे बाइट घ्यायचे, दुपारी स्क्रिप्ट लिहायची, संध्याकाळी तोंडाला पावडर लावून हिरव्या पडद्यासमोर बसायचं, सगळं तिचंच. आता चोवीस तासवाल्या चॅनलचं बोलावणं आलंय आणि घरचे पेढे आणायला निघालेत. माझं मत, जाऊ नये. तिथे पहाटेच्या बुलेटिनला टेलिप्रॉम्प्टरवर येईल ते वाचायचं आणि कानात कोणीतरी 'आवाज चढव' म्हणणार. इथे जांभळी नाक्यावर भाजी घेताना लोक तिला थांबवतात, 'आमचं गटार दाखव गं.'

सीवूड्सवाली
मामा, तुमची माया कळली, हिशोब नाही कळला. पगाराचा आकडा लिहिलाच नाहीत!
मी नवी मुंबईत अशाच एका चॅनलवर तीन वर्षं काढलीत. पीएफ नाही. पगार वीस तारखेनंतर, तोही जाहिरातीचे पैसे आले तर. साड्या स्वतःच्या, ब्लाउजची शिलाई स्वतःची. आणि जाहिरात कुणाची? साहेबांच्या वाढदिवसाची. खालच्या पट्टीत ज्याला शुभेच्छा सरकतायत, त्याच्याच वॉर्डातला खड्डा वर कसा दाखवणार? मी एकदा दाखवला. रात्रीच्या रिपीटला खड्डा बुजलेला होता. बातमीतला. रस्त्यावरचा गणपतीपर्यंत तसाच.

जुना_केबलवाला
ताईंचं खरं आहे, पण अर्धं. नवी मुंबईत २०२० च्या मे महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, ठाण्यात २०२२ च्या मार्चमध्ये. पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडे प्रशासक. प्रभागातला माणूस तक्रार घेऊन जाणार कुणाकडे? त्या काळात केबलवरची पोरं-पोरीच उपयोगी पडली. मोठं चॅनल ठाण्यात येतं ते दहीहंडीला, नाहीतर इमारत पडली की.

घोडबंदर_बी_विंग
केबल बघतं कोण? आमच्या टॉवरमध्ये सगळे वायफायवाले. पाणी येणार नाही हे सोसायटीच्या ग्रुपवर आधी कळतं.

जुना_केबलवाला
ग्रुपवर 'येणार नाही' एवढंच कळतं. का नाही, हे विचारायला कुणीतरी माइक घेऊन जावं लागतं. बाकी केबलचं म्हणाल तर मान्य. सेट टॉप बॉक्स आले तेव्हापासूनच लहान चॅनलचे वांधे, यादीत जागा मिळवायलाच पैसे मोजा. म्हणून तर निम्मे यूट्यूबवर गेले.

पाचपाखाडीकर
पगार १८ हजार. लिहायची लाज वाटली म्हणून लिहिला नव्हता.
पण माणूस एका खुर्चीत मोठा होतोच की. प्रदीप भिडे १९७४ पासून दूरदर्शनवर बातम्या देत होते, कितीतरी दशकं. कधी ओरडले नाहीत. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या घरात घरचं कुणी गेल्यासारखी शांतता होती.

सीवूड्सवाली
भिडे एखादाच होतो हो. त्याच दूरदर्शनवर स्मिता पाटील आणि भक्ती बर्वेही बातम्या द्यायच्या. त्या पुढे गेल्याच ना? त्यांना कुणी मामा आडवा आला नसेल. आणि बाईला चाळिशीनंतर कॅमेऱ्यासमोर कोण बसवून घेतं? आमच्याकडे पस्तिशीतच 'जरा डेस्क सांभाळा' सुरू झालं होतं.

पाचपाखाडीकर
मग मोठ्या चॅनलवर काय वेगळं होणार? शिवाय १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा तेही मुंबई आणि आसपासपुरतंच दिसायचं. म्हणजे ज्यांची नावं तुम्ही घेताय त्यांची सुरुवातही लोकल चॅनलवरचीच म्हणायची.

सीवूड्सवाली
ही पळवाट झाली! ते सरकारी केंद्र, खालून वाढदिवसाची पट्टी सरकत नव्हती. आणि एवढं लिहिलंत, तिला काय हवंय ते कुठेच नाही.

घोडबंदर_बी_विंग
+१

पाचपाखाडीकर
आत्ता फोन केला. बाळकूमला शूटवर आहे, मागे ड्रिलचा आवाज. म्हणाली, 'मामा, सहा महिने प्रोबेशन आहे, पगार दुप्पट आहे, आणि साड्या त्यांच्या.' मग म्हणाली, 'ठेव, इंजिनिअर साहेब पळतायत.'