गुलामगिरीची भरपाई: कोणाला द्यायची हे नेमकं कसं ठरवतात?

काठावरची:
अमेरिकेत भरपाई द्यावी की नाही, यावर भरपूर वाचायला मिळतं. मला त्यापुढचं हवं आहे. द्यायची ठरली तर पात्र कोण? वर्ण बघायचा की वंशावळ? कागद कोणते लागतात आणि पैसा कुठून येतो?

जुनंदप्तर:
इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन शहराची योजना बघा. 2019 मध्ये नगरपरिषदेने गांजाविक्रीवरच्या 3 टक्के करातून 10 वर्षांत 1 कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. पण ही भरपाई गुलामगिरीची नाही, शहराने घरांच्या बाबतीत केलेल्या भेदभावाची आहे. म्हणून 1919 ते 1969 या काळात तिथे राहणारे कृष्णवर्णीय प्रौढ आणि त्यांचे थेट वारस पात्र ठरले. 1969 ही सीमा का, तर घरांबाबतच्या भेदभावाला बंदी करणारा तिथला नियम त्या वर्षी झाला.

रक्कम माणशी 25,000 डॉलर. सुरुवातीला ती हातात मिळत नव्हती. घराच्या आगाऊ रकमेसाठी, गृहकर्जासाठी किंवा दुरुस्तीसाठी परस्पर भरली जायची. घोडं इथेच अडलं. जे आयुष्यभर भाड्याने राहिले त्यांना याचा काय उपयोग? 2023 मध्ये रोख रकमेचा पर्याय आला. दुसरी अडचण पैशाची. गावात गांजाचं दुकान एकच, त्यामुळे कर हळूहळू जमा होत गेला. पहिल्या 4 लाखांत 16 जणच बसले, तेही सोडत काढून. उरलेले बहुतेक म्हातारे, आणि त्यांना थांबायला सांगितलं गेलं. मला हे फार वाईट वाटतं. पुढे मालमत्ता हस्तांतरण कराचा पैसाही याकडे वळवला.

तिठा:
वर्णाच्या निकषाला कोर्टात लगेच आव्हान मिळतं. इव्हॅन्स्टनवर 2024 मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला झालाच. कॅलिफोर्निया राज्याने भरपाईच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीने 2022 मध्ये वंशावळ निवडली, 5 विरुद्ध 4 मतांनी.

पण वंशावळ म्हटली की 1870 ची भिंत येते. स्वतःपासून मागे जायचं: जन्ममृत्यूचे दाखले, मग 1950 ची जनगणना, मग दर 10 वर्षांनी मागची. 1890 ची जवळजवळ सगळी आगीनंतर नष्ट झाली, तिथे 20 वर्षांची उडी पडते. गुलामीतून सुटलेल्यांची नावं पहिल्यांदा 1870 च्या जनगणनेत दिसतात. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, माणसाचं मात्र फक्त वय, लिंग आणि रंग. त्याआधीचं नाव शोधायचं तर मालकाची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या काढाव्या लागतात. तिथे गाईगुरांच्या शेजारी माणसांची नावं किमतीसकट सापडतात. एक चूक हमखास होते: आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल असं धरून चालणं. पुष्कळांनी आधीच्या मालकाचं घेतलं, काहींनी स्वतःच निवडलं.

पाणवठा:
पुराव्याची ही अडचण मालकांना कधी आलीच नाही, हेही लिहून ठेवायला हवं. गुलामगिरी बंद करणाऱ्या 1833 च्या कायद्याने ब्रिटनने मालकांना 2 कोटी पौंड दिले, सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे 40 टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग 2015 मध्ये फिटला. वॉशिंग्टन शहरात 1862 मध्ये मालकाला दर माणसामागे 300 डॉलरपर्यंत मिळाले. मुक्त झालेल्याला 100 डॉलरपर्यंत, आणि तेही त्याने देश सोडला तरच. तेव्हा ‘आता हिशोब कसा लावणार’ हा आक्षेप मला पटत नाही.

काठावरची:
1870 च्या नोंदीत नातं लिहिलेलं असतं का? एका घरात राहणारी बाई आणि मूल म्हणजे आई-मूलच, हे सिद्ध कसं करायचं?

तिठा:
नसतं. नात्याचा रकाना 1880 पासून आला. म्हणून आधी तेच घर 1880 मध्ये शोधा. मग मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या बचत बँकेची खातेपुस्तकं (1865 ते 1874) बघा. खातं उघडताना आईवडील आणि भावंडांची नावं विचारायचे. घरातलं कोणी यादवी युद्धात सैनिक असेल तर विधवेच्या पेन्शनची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवा. गुलामीतल्या लग्नाची सरकारी नोंद नसायची, त्यामुळे लग्न कधी लागलं, मुलं कोणाची, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्यांत तपशिलाने येतं.